पॅकेज बसलं, पण गणन समांतर झालं का?

पायथनमधला एक छोटा प्रोग्रॅम घ्या. काम चार प्रोसेसमध्ये वाटायचं आणि प्रत्येक प्रोसेसने आपला क्रमांक छापायचा, एवढंच त्यात लिहिलेलं आहे. चालवताना 'चार प्रोसेस सुरू कर' अशी आज्ञाही नीट दिलेली आहे. पडद्यावर चार ओळी उमटतात, पण चारही एकसारख्या: मी क्रमांक ०, एकूण प्रोसेस १. कुठे लाल अक्षरं दिसत नाहीत, प्रोग्रॅम मध्येच थांबत नाही. चारही प्रोसेस एकमेकींना न ओळखता तेच काम पहिल्यापासून शेवटपर्यंत करतात आणि अखेर एकाच फाइलवर चौघी लिहितात. वेळ वाचत नाही, यंत्र चौपट राबतं, आणि उत्तर बरोबर आलं तर काही बिघडलंय हे कोणाच्या लक्षातही येत नाही. एमपीआय वापरणाऱ्यांना हा प्रकार चांगला परिचित आहे. एमपीआय म्हणजे वेगवेगळ्या प्रोसेसनी, मग त्या एकाच संगणकावर असोत की शेकडो संगणकांवर पसरलेल्या, एकमेकींना निरोप कसे पाठवायचे याचं प्रमाण. हे प्रमाण अमलात आणणाऱ्या लायब्ररी अनेक आहेत. पायथनचं पॅकेज एका लायब्ररीशी जोडून बांधलेलं असेल आणि प्रोसेस सुरू करणारी आज्ञा दुसऱ्या लायब्ररीची असेल, तर सुरू करणाऱ्याने दिलेली ओळख पॅकेजला वाचता येत नाही. मग प्रत्येक प्रोसेस स्वतःला एकटीच समजते.

समांतर गणनाचा विषय निघाला की बोलणं होतं ते प्रोसेसरमधल्या कोअरबद्दल, जीपीयूबद्दल, महासंगणकाच्या पेटाफ्लॉपबद्दल. ते योग्यच आहे. पण सामान्य संशोधकाच्या, विद्यार्थ्याच्या किंवा छोट्या कंपनीतल्या अभियंत्याच्या हाती हे सामर्थ्य खरोखर येतं की नाही, हे त्याच्या बरंच आधी ठरतं. त्याच्या ऑपरेटिंग सिस्टीमसाठी कोणीतरी आधीच बांधून ठेवलेलं पॅकेज मिळतं का, आणि मिळालेलं पॅकेज आजूबाजूच्या इतर भागांशी जुळतं का, या दोन प्रश्नांवर. असं पॅकेज बनवायला कारागिरी लागते, पण माझ्या मते त्याचं यश मुख्यतः करारावर अवलंबून असतं. यंत्रभाषेच्या पातळीवर काय सारखं ठेवायचं हे जिथे वेगवेगळ्या लोकांनी बसून ठरवलं, तिथे तयार पॅकेज बसलं आणि चाललं. जिथे ते ठरलं नाही, तिथे अत्यंत हुशार माणसं वर्षानुवर्षं तीच डोकेफोड करत राहिली.

पायथन ही भाषा स्वतः वेगवान नाही. तिचा वैज्ञानिक वापर शक्य झाला तो तिच्या आत दडवलेल्या सी, सी++ आणि फोरट्रानमधल्या कोडमुळे. नम्पाय या गणिताच्या पॅकेजमध्ये दोन मोठ्या मॅट्रिक्सचा गुणाकार केला, तर तो गुणाकार पायथन करत नाही. ओपनब्लास किंवा तशीच एखादी लायब्ररी तो करते, आणि बहुतेक वेळा अनेक कोअर एकाच वेळी कामाला लावून करते. हा आतला कोड प्रत्येक प्रोसेसरसाठी आणि प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टीमसाठी वेगळा कंपाइल करावा लागतो. लिनक्सवर कंपायलर सहज हाताशी असतो. विंडोजवर तो नसायचा. पायथन ज्या मायक्रोसॉफ्ट कंपायलरने बांधलेलं असेल त्याच्याशी जुळणाराच कंपायलर लागायचा, आणि तो नसला की 'व्हीसीव्हार्सऑल डॉट बॅट सापडली नाही' एवढा एक संदेश देऊन सगळं थांबायचं. नवशिक्याला त्यातून काय कळणार?

ही पोकळी बराच काळ एका माणसाने भरून काढली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या फ्लुओरेसन्स डायनॅमिक्सच्या प्रयोगशाळेतले क्रिस्टोफ गोल्के शेकडो पायथन पॅकेजं विंडोजसाठी बांधून आपल्या पानावर ठेवत. जगभरचे विंडोजवाले तिथून ती उतरवून घेत. पानाच्या नावातच 'अनधिकृत' हा शब्द होता, पण अनेक पॅकेजांच्या बाबतीत दुसरा व्यवहार्य मार्ग नव्हता. २०२२ मध्ये प्रयोगशाळेचा निधी थांबला आणि ही सेवाही बंद पडली. तोवर बहुतेक मोठ्या प्रकल्पांनी आपली अधिकृत तयार पॅकेजं द्यायला सुरुवात केली होती, म्हणून हाहाकार झाला नाही. पण ती सुरुवात किती उशिरा झाली हे सायपाय या वैज्ञानिक गणनाच्या पॅकेजच्या उदाहरणावरून दिसतं. सायपायची पहिली आवृत्ती २००१ची. विंडोजवर पिप या पॅकेज बसवणाऱ्या साधनाच्या एका आज्ञेत थेट बसेल असं अधिकृत पॅकेज मिळालं ते आवृत्ती १.० बरोबर, ऑक्टोबर २०१७ मध्ये. मधली सोळा वर्षं आळसात गेली नव्हती. सायपायमध्ये फोरट्रान भरपूर होतं, आणि मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरशी सुखाने नांदणारा मोफत फोरट्रान कंपायलर नव्हता. दोन कंपायलरांनी बांधलेले तुकडे एका प्रोसेसमध्ये एकत्र चालवायचे, तर स्मृती कोणी राखायची आणि फंक्शनला मूल्यं कशी द्यायची, याबाबत त्यांचं एकमत लागतं. ते जुळवण्यात ही वर्षं गेली.

आज पायथनचं तयार पॅकेज ज्या स्वरूपात मिळतं त्याला व्हील म्हणतात. २०१२ मध्ये त्याचा आराखडा मांडला गेला. व्हील म्हणजे खरं तर एक झिप फाइल, पण तिचं नाव नीट वाचण्यासारखं असतं. नम्पायच्या एखाद्या व्हीलचं नाव घेतलं तर त्यात ओळीने येतं: नम्पाय, मग १.२६.४, मग सीपी३११, पुन्हा सीपी३११, आणि शेवटी मेनीलिनक्स २.१७, एक्स८६-६४. पहिले दोन भाग म्हणजे पॅकेजचं नाव आणि आवृत्ती. पुढचे दोन सांगतात की हे पायथन ३.११ साठी, त्याच्याच अंतर्गत रचनेशी जुळवून बांधलेलं आहे. शेवटचा भाग सांगतो की हे इंटेल किंवा एएमडीच्या ६४-बिट प्रोसेसरवरच्या लिनक्ससाठी आहे. पिप ही नावं वाचून आपल्या संगणकाला लागू पडणारी फाइल निवडतो. फाइल उघडून आत काय आहे हे तो निवडीपूर्वी पाहत नाही. नाव हेच त्याच्यासाठी वचन असतं.

या नावातला 'मेनीलिनक्स २.१७' हा तुकडा मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. लिनक्सची वितरणं डझनावारी. उबुंटू, डेबियन, रेड हॅट, सुसे. प्रत्येकातल्या मूलभूत लायब्ररींची आवृत्ती वेगळी. त्यामुळे लिनक्ससाठी व्हील सर्वांना देणं सुरुवातीला पायथनच्या सार्वजनिक भांडारावर, म्हणजे पायपीआयवर, मान्यच नव्हतं. २०१६ मध्ये रॉबर्ट मॅकगिबन आणि नॅथॅनियल स्मिथ यांनी एक साधा तोडगा मांडला. लिनक्सवर जवळजवळ सगळीकडे असणाऱ्या मोजक्या लायब्ररींची यादी करायची, त्यांच्या एका जुन्या आवृत्तीवर बोट ठेवायचं, आणि म्हणायचं की यापलीकडे पॅकेजने यजमान संगणकाकडून काहीही मागायचं नाही. बाकी जे लागेल ते पॅकेजने स्वतःबरोबर आणायचं. पहिल्या करारासाठी सेंटओएस ५ या लिनक्स वितरणाचा आधार धरला, नंतर सेंटओएस ६, मग सेंटओएस ७. नावातलं २.१७ म्हणजे सी भाषेच्या मूळ लायब्ररीची, ग्लिबसीची, किमान आवृत्ती. ही लायब्ररी जुन्या प्रोग्रॅमना नव्या आवृत्तीतही चालू देण्याचं पथ्य कसोशीने पाळते, म्हणून जुन्यावर बांधलेलं नव्यावर चालतं. या करारात नवं तंत्रज्ञान म्हणावं असं फारसं काही नाही. एका यादीवर सगळ्यांनी मान डोलावली, आणि लिनक्सवर नम्पाय कंपाइल करत बसण्याचे दिवस संपले.

नावात ज्याला जागा नाही, त्याचे हाल होतात. जीपीयूचं घ्या. व्हीलच्या नावात ऑपरेटिंग सिस्टीम आणि प्रोसेसर लिहायची सोय आहे, पण संगणकात एनव्हिडियाचं कार्ड आहे का आणि त्याच्या कुडा या प्रणालीची कोणती आवृत्ती चालेल हे लिहायला रकानाच नाही. म्हणून कूपाय या पॅकेजला कुडाची आवृत्ती पॅकेजच्या नावातच घालावी लागते. कुडा ११ साठी एक नाव, १२ साठी दुसरं. पायटॉर्चने वेगवेगळ्या कुडा आवृत्त्यांसाठी स्वतःचं वेगळं भांडार चालवलं आहे. कोणतं उतरवायचं हे वापरणाऱ्याने ठरवायचं, आणि चुकीचं निवडलं तर गणन निमूटपणे साध्या प्रोसेसरवर चालत राहण्याचीही शक्यता.

आता समांतर गणनाच्या गाभ्याकडे येऊ. 'लागेल ते पॅकेजने स्वतःबरोबर आणायचं' हा नियम एरवी उत्तम, पण समांतर गणनात तोच अडचणीचा ठरतो. एकाच प्रोसेसमध्ये अनेक थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारे कामाचे धागे, चालवण्यासाठी ओपनएमपी नावाची व्यवस्था सर्रास वापरतात. सायकिट-लर्न आपल्या व्हीलमध्ये ओपनएमपीची एक प्रत घेऊन येतं, पायटॉर्च दुसरी. दोन्ही एकाच प्रोग्रॅममध्ये आयात केले, की एका प्रोसेसमध्ये थ्रेडचे दोन मुकादम होतात आणि दोघांनाही वाटतं की सगळे कोअर आपलेच. इंटेलची ओपनएमपी लायब्ररी हे ओळखते आणि 'एरर क्रमांक १५' दाखवून प्रोग्रॅम थांबवते. त्या संदेशातच एक पळवाटही सांगितलेली असते: अमुक व्हेरिएबल 'ट्रू' करा म्हणजे तपासणी होणार नाही. पण तिथेच पुढे बजावलेलं असतं की हा उपाय असुरक्षित आहे आणि यामुळे गुपचूप चुकीची उत्तरंही मिळू शकतात. घाईतला वाचक पहिलं वाक्य उचलतो आणि दुसरं सोडून देतो. भांडण झालं नाही तरी गर्दी होतेच. सोळा कोअरच्या संगणकावर सोळा प्रोसेस सुरू केल्या आणि प्रत्येकीतल्या ओपनब्लासने आपापले सोळा थ्रेड उघडले, तर २५६ थ्रेड सोळा कोअरसाठी झगडतात आणि समांतर केलेला प्रोग्रॅम एकेरीपेक्षाही मंद चालतो. यावर थ्रेडपूलसीटीएल नावाचं छोटं पॅकेज आहे. ते चालू प्रोसेसमधल्या अशा लायब्ररी शोधून काढतं आणि त्यांच्या थ्रेडसंख्येला लगाम घालतं. ते उपयोगी आहे. पण त्याची गरज पडावी, यातच थ्रेडच्या बाबतीत पॅकेजांमध्ये करार झालेला नाही याची कबुली आहे.

प्रोसेस जन्माला घालण्याची रीतही लिनक्स, विंडोज आणि मॅक या तिन्ही ऑपरेटिंग सिस्टीमवर एक नाही. लिनक्सवर वर्षानुवर्षं चालू प्रोसेसची जशीच्या तशी प्रत काढली जायची. विंडोजवर ती सोयच नाही; तिथे नवं पायथन कोरं सुरू होतं आणि तुमची फाइल पुन्हा पहिल्यापासून वाचतं, म्हणून मुख्य भागाभोवती ती ओळखीची 'इफ नेम इज मेन' ओळ लिहावीच लागते. मॅकने पायथन ३.८ पासून विंडोजची रीत धरली, आणि पायथन ३.१४ मध्ये लिनक्सनेही आपली जुनी रीत मूळ निवड म्हणून सोडली. थ्रेड चालू असताना प्रोसेसची प्रत काढली तर अडकून पडण्याचा धोका असतो, हे त्यामागचं एक मोठं कारण.

सगळ्यांत कठीण थर अनेक संगणकांचा, म्हणजे एमपीआयचा. एमपीआयचं पहिलं प्रमाण १९९४ मध्ये आलं. त्याआधी प्रत्येक समांतर यंत्राची निरोप पाठवण्याची बोली वेगळी होती आणि एका यंत्रासाठी लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्यावर नेताना तो पुन्हा लिहावा लागे. एमपीआयने तो प्रश्न सोर्स कोडच्या पातळीवर सोडवला: फंक्शनांची नावं एक, त्यांना द्यायची मूल्यं एक, अर्थ एक. मात्र कंपाइल झाल्यावर यंत्राला प्रत्यक्ष काय दिसेल, हे प्रमाणाने जाणूनबुजून मोकळं ठेवलं. अमेरिकेतल्या अरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत जन्मलेल्या एमपिच या लायब्ररीत 'सर्व प्रोसेसचा समूह' ही कल्पना एका साध्या पूर्णांकाने दाखवली जाते. ओपन एमपीआय या तितक्याच लोकप्रिय लायब्ररीत तीच कल्पना म्हणजे स्मृतीतल्या एका जागेचा पत्ता. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला दोन्हीकडे एकच नाव दिसतं, पण बांधलेल्या फाइलमध्ये एकीकडे चार बाइट असतात, दुसरीकडे आठ. एकाच जाडीचे दोन बोल्ट असावेत आणि त्यांचे आटे वेगळे असावेत, तसं हे आहे. नट हातात घेऊन पाहिला तर बसेल असं वाटतं, फिरवायला लागल्यावर कळतं. म्हणून एमपिचसाठी बांधलेलं पॅकेज ओपन एमपीआयवर चालत नाही. त्यात विंडोजची भर. ओपन एमपीआय आणि एमपिच या दोघांनीही थेट विंडोजवर चालण्याचा नाद पूर्वीच सोडला आहे. तिथे मायक्रोसॉफ्टचं किंवा इंटेलचं एमपीआय घ्यावं लागतं, नाहीतर विंडोजच्या आत लिनक्स चालवावं लागतं.

पायथनमधून एमपीआय वापरण्यासाठीचं मुख्य पॅकेज म्हणजे एमपीआय-फॉर-पाय. अर्जेंटिनाचे लिसान्द्रो दालसिन हे त्याचे कर्ते. २००५ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी त्याविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. इतकं वापरलं जाणारं हे पॅकेज लिनक्स आणि मॅकसाठी पायपीआयवर दीर्घकाळ फक्त सोर्स कोडच्या रूपात मिळायचं. संगणकावर एमपीआय आणि कंपायलर दोन्ही नसले, की 'एमपीआय डॉट एच सापडली नाही' या ओळीवर स्वारी अडायची. कर्त्यांची नाखुशी हे याचं कारण नव्हतं. कोणत्या एमपीआयशी जोडून बांधायचं हेच ठरवता येत नव्हतं, आणि नम्पायप्रमाणे लायब्ररी पोटात घालून द्यावी तर क्लस्टरवर ती यजमानाच्या लायब्ररीशी फटकून वागली असती. २०१३ मध्ये एमपिच, इंटेल, क्रे वगैरेंनी आपापल्या लायब्ररी एकमेकींच्या जागी चालतील अशा ठेवण्याचं मान्य केलं, तेव्हा अर्धी वाट मोकळी झाली. उरलेल्या वाटेसाठी एमपीआयच्या मंचात एक कार्यगट बसला. दालसिनही त्यात होते. जून २०२५ मध्ये संमत झालेल्या एमपीआय ५.० या प्रमाणात यंत्रभाषेच्या पातळीवरचा समान नमुना पहिल्यांदाच नोंदवला गेला. पहिल्या प्रमाणानंतर तब्बल एकतीस वर्षांनी. त्याच वर्षी एमपीआय-फॉर-पायच्या नव्या आवृत्तीची व्हील लिनक्स, मॅक आणि विंडोज या तिन्हींसाठी आली. लिनक्स आणि मॅकच्या व्हीलमध्ये एमपिचच्या आणि ओपन एमपीआयच्या नमुन्यांसाठी बांधलेले भाग एकत्र ठेवलेले असतात, आणि सुरू होताना संगणकावर कोणती लायब्ररी आहे ते पाहून योग्य भाग उचलला जातो. नवा समान नमुना सगळीकडे पोचला की ही दुहेरी मांडणीही लागणार नाही.

यावर जाणकारांचा एक आक्षेप येतो, आणि तो हलक्यात काढण्यासारखा नाही. ते म्हणतात, ज्याला वेग हवा त्याने आपल्या यंत्रावर स्वतः कंपाइल करावं. तयार पॅकेज सगळ्यांना चालावं म्हणून सगळ्यांत जुन्या प्रोसेसरच्या मापाने बांधलेलं असतं. गणिताच्या लायब्ररींपुरतं हे आता फारसं खरं नाही. व्हीलमधल्या ओपनब्लासमध्ये अनेक पिढ्यांच्या प्रोसेसरांसाठी लिहिलेले वेगवेगळे भाग एकत्र असतात आणि सुरू होतानाच ती यंत्र ओळखून योग्य भाग निवडते. नम्पायही आपल्या आतल्या कोडबाबत हेच करतं. संगणकांमधल्या जाळ्याच्या बाबतीत मात्र आक्षेप बरोबर आहे. एमपिच आणि ओपन एमपीआय या लायब्ररीसुद्धा आता व्हीलच्या रूपात मिळतात, आणि एमपीआय-फॉर-पायच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलं आहे की ही व्हील सोयीसाठी आहेत. प्रत्यक्ष मोठ्या कामासाठी यंत्रावर खास बसवलेलं एमपीआय वापरा. क्लस्टरमध्ये इन्फिनिबँडसारखं वेगवान जाळं असतं आणि त्याचा पूर्ण लाभ त्या यंत्रासाठी जुळवलेली लायब्ररीच देऊ शकते. पण यातून माझा मुद्दा ढासळत नाही. समान नमुना असला की पायथनचं पॅकेज तयार घ्यायचं आणि त्याच्याखालची एमपीआय लायब्ररी यंत्राची वापरायची, अशी वाटणी करता येते. सोय आणि वेग यांतून एकच निवडावं लागतं, अशी परिस्थिती होती ती करार नव्हता म्हणून.

दुसरं म्हणणं असं की कोंडाने हे सगळं केव्हाच सोडवलं आहे. पिप फक्त पायथनची पॅकेजं हाताळतो, तर कोंडा कंपायलर, फोरट्रान, एमपीआय, सगळंच पॅकेज म्हणून बसवतो. २०१५ पासून वाढलेल्या कोंडा-फोर्ज या स्वयंसेवकांच्या समूहाने तिन्ही ऑपरेटिंग सिस्टीमसाठी हजारो पॅकेजं बांधून ठेवली आहेत, आणि समांतर गणन शिकणाऱ्याला मीही आधी तिकडेच बोट दाखवेन. पण कोंडा-फोर्ज यशस्वी का झालं हे पाहिलं तर पुन्हा तेच दिसतं. तिथे सगळी पॅकेजं ठरलेल्या कंपायलरांनी बांधली जातात. एका वातावरणात एमपीआयची एकच जात राहील अशी अट पॅकेजांतच घातलेली असते. ओपनएमपीसाठीही तशीच अट असते. अंगणाच्या आत सगळ्यांनी एक नियम मानला, म्हणून अंगणात भांडण नाही. कुंपणाशी अडचण येतेच: क्लस्टरचं स्वतःचं एमपीआय वापरायचं असेल तर कोंडाला 'हे बाहेरून येणार आहे' असं सांगणारं एक पोकळ पॅकेज बसवावं लागतं, आणि आतबाहेरचा नमुना जुळतो की नाही ही जबाबदारी वापरणाऱ्यावर येते. कंटेनरचंही तेच. डॉकर किंवा क्लस्टरवर चालणारा ॲपटेनर यांत सगळं बांधून नेलं, तरी अनेक संगणकांवर पसरायची वेळ आली की आतल्या एमपीआयला बाहेरच्या एमपीआयशी आणि जाळ्याशी बोलावंच लागतं.

तिसरा आक्षेप विश्वासाचा, आणि तो मला सगळ्यांत गंभीर वाटतो. दुसऱ्याने बांधलेली फाइल आपण डोळे झाकून चालवतो. आत काय आहे हे वाचता येत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये नेमका समांतर गणनाच्या दुनियेतच या विश्वासाचा गैरफायदा घेतला गेला. पायटॉर्चच्या रोज बांधल्या जाणाऱ्या आवृत्तीला टॉर्चट्रायटन नावाचं पॅकेज लागायचं आणि ते पायटॉर्चच्या स्वतःच्या भांडारात होतं. कोणीतरी त्याच नावाचं दुसरं पॅकेज पायपीआयवर चढवलं. पिपने दोन भांडारांतून शोधताना पायपीआयवरचं उचललं, आणि २५ ते ३० डिसेंबरच्या दरम्यान लिनक्सवर ती आवृत्ती बसवणाऱ्यांच्या संगणकावरून गुप्त किल्ल्यांसह फाइली बाहेर पाठवल्या गेल्या. या घटनेतून 'तयार पॅकेज नकोच' असा निष्कर्ष काढणारे भेटतात. पण हल्ला शक्य झाला तो पॅकेज तयार होतं म्हणून नव्हे. एकच नाव दोन भांडारांत असलं तर कोणाचं मानायचं, हे ठरलेलं नव्हतं म्हणून. आणि पायटॉर्चला वेगळं भांडार ठेवावं लागलं, त्यामागे जीपीयूसाठी रकाना नसणं हे एक कारण होतंच. त्यानंतर पायपीआयने एखादं पॅकेज कोणत्या सोर्सपासून, कोणत्या स्वयंचलित यंत्रणेत बांधलं गेलं याचा सही केलेला दाखला जोडण्याची सोय आणली. स्वतः कंपाइल केल्याने सुरक्षितता आपोआप मिळते असंही नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या लायब्ररीत सापडलेल्या चोरवाटेची गुरुकिल्ली सोर्सच्या अधिकृत गठ्ठ्यातच दडवलेली होती.

भारतात हा प्रश्न आता पुस्तकी राहिलेला नाही. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० उभा केला, तो ट्रान्सप्युटर नावाच्या खास चिपांवर चालणारा होता आणि त्याच्यासाठी प्रोग्रॅम लिहिणारे मोजके तज्ज्ञ होते. २०१५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय महासंगणन मोहिमेतून परम मालिकेतली यंत्रं अनेक संस्थांमध्ये बसली. सप्टेंबर २०२४ मध्ये परम रुद्रची यंत्रं पुणे, दिल्ली आणि कोलकात्यात सुरू झाली, त्यांतलं पुण्याचं यंत्र जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या खगोलशास्त्रीय संशोधनासाठी. अशा यंत्रांवर आता विदा तपासणारे, जैवविज्ञानवाले, हवामानवाले असे कितीतरी जण पायथन घेऊन येतात. त्यांच्याकडे यंत्रावर काही बसवण्याचे प्रशासकीय अधिकार नसतात. आपल्या खात्यातल्या फोल्डरात जे बसेल तेवढंच. घरच्या लॅपटॉपवर, बहुधा विंडोजवर, चाललेला प्रोग्रॅम तिथे नेताना त्यांची गाठ एकाच वेळी प्रोसेस सुरू करण्याच्या वेगळ्या रीतीशी, दोन ओपनएमपींशी आणि न जुळणाऱ्या एमपीआयशी पडते, आणि या तिन्हींपैकी कशाचाही त्यांच्या विषयाशी काडीचा संबंध नसतो.

वापरणाऱ्याच्या हातात दोन गोष्टी आहेत. एक, काम सुरू करण्यापूर्वी प्रत्येक प्रोसेसकडून तिचा क्रमांक, एकूण संख्या आणि एमपीआय लायब्ररीचं नाव छापून घेणं. एमपीआय-फॉर-पायमध्ये लायब्ररीचं नाव-आवृत्ती सांगणारं फंक्शन आहे आणि ही तपासणी दोन-तीन ओळींत होते. दुसरी, एकाच वातावरणात कोंडा आणि पिपची समांतर गणनाची पॅकेजं न मिसळणं. यंत्र विकत घेणाऱ्या संस्थांच्या हातात मात्र याहून मोठी गोष्ट आहे. महासंगणकाच्या निविदेत प्रोसेसर, स्मृती, साठवण आणि जाळं यांचा तपशील पानोपानी असतो. त्यात आता आणखी एक अट घालता येईल: यंत्राबरोबर येणारी एमपीआय लायब्ररी ५.० प्रमाणातला समान नमुना पाळणारी असावी, आणि पायपीआयवरून घेतलेलं एमपीआय-फॉर-पायचं व्हील तिच्यावर, यंत्राच्या वेगवान जाळ्यासकट, चालतं हे स्वीकृतीच्या चाचणीत दाखवून द्यावं. पुरवठादारांसाठी ही मागणी आता अशक्य राहिलेली नाही, कारण ज्याच्या आधारे ती करायची ते प्रमाण छापून तयार आहे.